जपानमधले विणकर नखाला खाचा पाडून विणतात, हे खरं का? आणि त्यांचं घर कसं चालतं?

मागावरची (पैठण)

नमस्कार मंडळी. मी पैठणी विणते. माहेर गेवराईचं. लग्न होऊन पैठणला आले तेव्हा धोटा (आडवा धागा घेऊन फिरतो तो) कशाला म्हणतात तेही ठाऊक नव्हतं, सासूबाईंनी शेजारी बसवून शिकवलं. त्याला आता एकोणीस वर्षं झाली. लिहायची सवय नाही, चुकलं तर सांभाळून घ्या.

झालं असं की मागच्या महिन्यात अजिंठा-वेरूळ बघायला आलेला जपानी पाहुण्यांचा एक गट आमच्या गल्लीत आला. सोबत गाईड होता. त्यातली साठीच्या पुढची एक बाई माझ्या मागापाशी थांबली ती हललीच नाही. बाकीचे फोटो काढून पुढं गेले, ही मागाच्या खड्ड्याच्या कडेला फरशीवर गुडघे मोडून बसून राहिली. माझा पदर चालू होता, बांगडी मोराचा. एका ओळीत बावीस तिल्ल्या, म्हणजे रंगीत धागा गुंडाळलेल्या बारीक काड्या, फिरत होत्या. ती बाई मोराकडं बघत नव्हती, माझ्या बोटांकडं बघत होती. बघायला आलेला माणूस मोर बघतो आणि विणणारा बोटं बघतो, हे मला इतक्या वर्षांत कळलंय.

मग तिनं स्वतःचा हात पुढं केला. मधल्या बोटाच्या आणि अनामिकेच्या नखाला करवतीसारखे दाते होते. मी दचकले, वाटलं काही लागलं असेल. तर तिनं माझ्या ताणीच्या (मागावर ताणलेल्या उभ्या तारांच्या) वर, धाग्याला न शिवता, हवेतच नखांनी आपल्याकडं ओढल्यासारखं करून दाखवलं. फणीनं आपण बाणा, म्हणजे आडवा धागा, ठोकतो ना, तसं. गाईडला जपानी येत होतं पण विणकामातलं काही येत नव्हतं. तो एवढंच म्हणाला, "ताई, ती म्हणतीय, मी पण हेच करते."

तेव्हापासून डोक्यातून जाईना. ही कोणती विद्या आहे? त्या बायका घरीच विणतात का आमच्यासारख्या? पोरं शिकतात का? सरकार काही देतं का? पोट भरतं का?

विचारायचं कारणही सांगते. थोरली लेक बारावी झाली. नर्सिंगचा फॉर्म आणून ठेवलाय. आणि ती म्हणायलीय, "आई, मला मागावर बसायचंय." गेल्या वर्षी तीन महिने बसून केलेल्या साडीत एका व्यापाऱ्यानं एका तारेचा दोष काढला आणि ठरलेल्या मजुरीतले पैसे कापले. लेकीनं ते डोळ्यांनी बघितलं, तरी म्हणायलीय. तिला काय सांगू?

अंबाजोगाईकर

ताई, तुमच्याकडं आलेली बाई जपानमधल्या क्योतो शहराच्या निशिजिन भागातली किंवा तिथं शिकलेली असणार. या विणकामाला त्सुझुरे म्हणतात, आणि नखानं विणायच्या प्रकाराला त्सुमेगाकी. मी कापड डिझाईन शिकले आणि आठ महिने क्योतोत होते, त्यामुळं जे बघितलं तेच लिहिते.

आधी नखांचं. विणकर दोन्ही हातांच्या मधल्या बोटाचं आणि अनामिकेचं नख वाढवतो आणि कानशीनं त्याला बारीक खाचा पाडतो. नख वाढतं, झिजतं, म्हणून कानस सतत मागाशेजारी. चित्राचा कागद ताणीच्या खाली लावलेला असतो, धाग्यांमधून तो दिसतो. प्रत्येक रंगाचा बाणा छोट्या धोट्यावर. जेवढा भाग रंगवायचा तेवढ्याच तारांतून धोटा काढायचा, आणि नखांच्या दात्यांनी बाणा खाली ओढून दाबून बसवायचा. मग मोठी फणी. बाणा इतका दाट बसतो की ताणा पूर्ण झाकला जातो. फार बारीक नक्षी असेल तर दिवसाला सेंटीमीटरभर काम होतं. तुम्हाला हे वाचून नवल वाटणार नाही.

एक फरक मात्र बघण्यासारखा आहे. तुमच्या पैठणीत जिथं दोन रंग भेटतात तिथं तुम्ही एका रंगाचा धागा दुसऱ्यात अडकवून मागं वळवता, म्हणून पदर मागून-पुढून सारखा दिसतो आणि कुठंही फट राहत नाही. त्सुझुरेत धागे अडकवत नाहीत. दोन्ही रंग आपापल्या तारेवरून मागं वळतात आणि मधे उभी चिरटी राहते. तिला हात्सुरी म्हणतात. कापड उजेडात धरलं की त्या चिरट्यांतून प्रकाश येतो. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला तो दोष वाटला होता. मला शिकवणाऱ्या बाईंनी कापड खिडकीशी नेलं आणि बोट ठेवून दाखवलं की कोणती फट कुठं, किती लांबीची ठेवायची हे आधी ठरवावं लागतं. लांब झाली तर कापड तिथं कमजोर होतं, म्हणून उभी रेघ आली की ती मुद्दाम एक-दोन तारा इकडं-तिकडं सरकवून पायरी करत नेतात.

आता घराचं. निशिजिन म्हणजे 'पश्चिमेची छावणी'. १४६७ ते १४७७ ओनिन युद्ध चाललं, बरंचसं क्योतो जळालं, विणकर पांगले आणि नंतर जिथं पश्चिमेकडच्या सैन्याची छावणी होती तिथं येऊन बसले. गल्लीतली घरं अरुंद आणि लांबच लांब. पुढं राहायची जागा, मागं माग. मागाच्या खोलीला वर माडी नाही, थेट छपरापर्यंत मोकळं, कारण माग उंच आणि उजेडही वरून हवा. जेवणाचा वास आणि मागाचा आवाज एकाच घरात. ते बघताना मला पैठणचीच गल्ली आठवली.

पैशाचं म्हणाल तर तिथंही पुष्कळ विणकर घरी बसून दुसऱ्यासाठी विणतात. मालकाचं घराणं रेशीम देतं, नक्षी देतं, कधी मागही त्याचाच, आणि तुकड्यावर मजुरी. म्हणजे तुम्ही ज्या रीतीत आहात तीच रीत. किमोनो नेसणं रोजच्या जगण्यातून गेलं तशी ओबीची, म्हणजे किमोनोवर कमरेला बांधायच्या रुंद पट्ट्याची, मागणी आटली. मी ज्यांच्या मागांवर बसले त्यातले बहुतेक सत्तरीचे होते. त्यामुळं तिथं सगळं गोड आहे असं तुमच्या लेकीला सांगू नका.

सरकार देतं का, तर हो, पण ज्याला आपण 'जिवंत राष्ट्रीय ठेवा' म्हणून ऐकतो तो मान फार थोड्यांना. १९५० च्या कायद्यातून तो आला आणि १९५५ मध्ये पहिली नावं जाहीर झाली. माशिको गावचे कुंभार हामादा शोजी त्या पहिल्यांमध्ये होते. या लोकांना वर्षाला वीस लाख येन मिळतात, आणि ते पुढच्या पिढीला शिकवण्यासाठी असतात. उलट क्योतोचे कावाई कानजिरो यांनी हा मान नाकारला. त्यांचं घर आता संग्रहालय आहे. १९३७ मध्ये स्वतःच्या कल्पनेनं बांधलेलं, मागच्या अंगणात चढावर बांधलेली आठ खणांची भट्टी. त्या भट्टीत त्यांची एकट्याची भांडी भाजली जात नव्हती, शेजारपाजारचे कुंभारही आपला माल त्याच भट्टीत लावायचे. मी त्या अंगणात तासभर बसले होते.

मला तुमच्या प्रश्नासाठी त्याहून महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट. १९७५ पासून जपान सरकार हत्यारं आणि कच्चा माल तयार करणाऱ्यांची कलाही वेगळी जपतं. धोटा घडवणारा, बांबूची फणी बांधणारा, यांनाही कायद्यात जागा आहे. कारण वेळ तशी आली. निशिजिनमध्ये एका ओबीमागं वीसेक कामं असतात आणि जवळजवळ प्रत्येक काम वेगळ्या घरात. नक्षी काढणारा वेगळा, ती चौकटीच्या कागदावर उतरवणारा वेगळा, पीळ देणारा, रंगवणारा, ताणी करणारा, वही (ताणीच्या तारा वर-खाली करणारी दोऱ्यांची चौकट) बांधणारा, मग विणणारा. विणकराला मान मिळाला तरी धोटा करणारं घर बंद पडलं तर विणकर काय विणणार?

लेकीसाठी एक नाव सांगते, शिमुरा फुकुमी. जन्म १९२४. तिशी ओलांडल्यावर त्या विणायला लागल्या आणि पहिली शिकवण आईकडून घेतली. झाडपाल्याच्या रंगात रेशीम रंगवून विणायच्या. चेरीचा गुलाबी रंग त्यांना फुलांतून नाही, फुलं यायच्या आधीच्या फांद्या-सालीतून मिळाला, हे त्यांनी लिहिलंय. १९९० मध्ये त्यांना तो राष्ट्रीय मान मिळाला. पुढं २०१३ मध्ये लेक योको हिच्यासोबत त्यांनी शाळा काढली. आईकडून शिकल्या, लेकीसोबत शिकवलं. तुम्ही विचारलंत "तिला काय सांगू", तर मी असते तर हे सांगितलं असतं.

नांदेडचा (सध्या मुक्काम नागोया)

ताई, मी विणकर नाही, गाड्यांच्या कारखान्यात कामाला आहे. पण माझ्या खोलीपासून रेल्वेनं अर्ध्या तासावर आरिमात्सू म्हणून गाव आहे, तिथं कापड बांधून रंगवतात. आपल्या बांधणीसारखं, पण बहुतेक निळीत. १६०८ पासून गाव वसलेलं, जुन्या तोकाइदो रस्त्यावर. येणारे-जाणारे वाटसरू रंगवलेली फडकी विकत घ्यायचे.

अंबाजोगाईकर ताईंनी वेगवेगळ्या घरांचं लिहिलंय ते इथं डोळ्यांनी दिसतं. बांधण्याचे शंभरावर प्रकार, आणि पूर्वापार एक माणूस एकच प्रकार बांधणार. एका आजींना विचारलं तर म्हणाल्या, लहानपणापासून हा एकच बांधते. लाकडी खुंटीला आकडी लावलेली, तिच्यात कापडाचं टोक अडकवायचं आणि दोऱ्याचे वेढे. बोलता बोलता हात चालूच. कापड एका घरून दुसऱ्या घरी जातं. एक आजी गेली की तो प्रकार थांबतो.

पण एक चांगलं पण ऐका. इथल्याच एका घरातला पाचव्या पिढीचा मुलगा, मुरासे हिरोयुकी, जर्मनीत शिकायला गेला आणि २००८ मध्ये तिथंच सुझुसान नावानं धंदा सुरू केला. कापड आरिमात्सूत बांधायचं, त्याच्या शाली आणि दिव्यांची झाकणं करून युरोपात विकायची. त्यामुळं गावात तरुण पोरं पुन्हा बांधायला बसलेली मी बघितली. क्योतोत होसोओ म्हणून १६८८ पासूनचं घराणं आहे. ओबीची रुंदी साधारण एकतीस-बत्तीस सेंटीमीटर, त्यांनी दीडशे सेंटीमीटर रुंदीचं कापड निघेल असा माग करवून घेतला, आणि आता त्यांचं कापड दुकानांच्या भिंतींना आणि खुर्च्यांना लागतं. पैठणी साडीच राहिली पाहिजे का, हा प्रश्न मला पडतो. रागावू नका.

जुना विणकर (पैठण)

नातू टाईप करायलाय, मी सांगायलोय. वय एकाहत्तर.

नांदेडच्या दादा, रागवायचं कशाला. पण रुंद माग केला तर त्याची ताणी कोण करणार, तेवढं सांगा. आपल्याकडं लोक पैठणी म्हटलं की विणणाऱ्याचं नाव घेतात. रेशीम बेंगळुरूहून येतं, जरीची तार सुरतेहून. इथं जे होतं ते मधलं. जुनी ताणी संपत आली की तिच्या एकेका तारेला नव्या ताणीची एकेक तार जोडायची, त्याला आम्ही सांधणी म्हणतो. चिमटीत राख घ्यायची, दोन टोकं एकत्र पिळायची आणि दुमडायची. गाठ मारायची नाही, गाठ फणीत अडकती. हजारो तारा असतात. माझ्या लहानपणी सांधणारे घरोघरी फिरायचे. एक बसला की दोन दिवस उठायचा नाही, त्याला चहा जागेवर द्यायचो. आता माझ्या माहितीत नीट सांधणारा एकच म्हातारा राहिलाय. त्याच्या हाताला कंप सुटलाय.

अंबाजोगाईच्या बाईंना विचारतो, जपानात सांधणारे आहेत का?

दुसरं, त्या नखाच्या विद्येबद्दल. माझे वडील तारा मोजताना डोळे मिटायचे. आम्हाला वाटायचं झोपले. बोटाच्या पेरानं मोजायचे. लाईट गेली तरी त्यांचा मोर थांबत नव्हता. म्हणून मला त्या जपानी बाईचं नवल वाटलं नाही, भेटली असती तर बरं झालं असतं.

लेकीला घरी बसवा असं मी म्हणत नाही. मजुरी किती पडती ते मला माहितीय. माझा एक पोरगा वाळूजला कंपनीत गेला तो मीच पाठवला. पण पोर स्वतःच्या तोंडानं म्हणायली असेल तर तिला एकदा सगळं दाखवा, नुसता पदर नका दाखवू. रविवारी घेऊन या. त्या म्हाताऱ्याकडं मी नेतो.

अंबाजोगाईकर

काका, आहेत. निशिजिनमध्ये ताणी जोडणं हे वेगळंच काम, आणि ते बहुतेक बायका करतात. त्या घरोघरी जायच्या, अगदी तुम्ही सांगता तशा. त्यांचीही संख्या फार कमी राहिलीय. तुमचं वाचून मी त्या दिवसांच्या वह्या काढल्या. एका पानावर मी लिहून ठेवलंय, 'जोडणारीची वाट बघत तीन दिवस माग बंद.' तेव्हा मला त्याचा कंटाळा आला होता.

अजून एक गोष्ट आठवली. १८७२ मध्ये क्योतोहून तीन विणकरांना फ्रान्सला लियोंला पाठवलं होतं, जकार्ड, म्हणजे भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांवरून नक्षी विणणारा माग, शिकून यायला. राजधानी तोक्योला गेली होती, निशिजिनचं गिऱ्हाईक तुटलं होतं. माग घेऊन आणि शिकून दोघं परत आले. तिसरा, योशिदा चुशिचि, अजून शिकायचं म्हणून मागं राहिला आणि १८७४ मध्ये परत येताना जपानचा किनारा दिसायच्या बेतात असताना जहाज बुडून गेला. निशिजिनमध्ये जकार्डचा खटखटाट ऐकताना मला नेहमी तो आठवायचा.

आणि ताई, लेकीला पुढं मागं शिकायचंच असेल तर क्योतोत कावाशिमा टेक्स्टाईल स्कूल आहे, १९७३ पासूनची. बाहेरच्या देशातल्या लोकांसाठीही तिथं कोर्स असतात, राहायची सोय आहे. कावाशिमा हे १८४३ पासूनचं विणकरांचं घराणं. त्यांच्या दुसऱ्या जिनबेइंनी १८८६ मध्ये युरोपात जाऊन तिथले भिंतीवरचे विणलेले पडदे बघितले आणि परत येऊन त्सुझुरेला ओबीतून काढून मोठमोठ्या पडद्यांवर नेलं. त्यामुळं नांदेडच्या दादांचा प्रश्न नवा नाही. पण काकांचा प्रश्न त्याच्या आधीचा आहे, असं मला वाटतं.

मागावरची (पैठण)

सगळ्यांचे उपकार. तिघांचं लिहिलेलं लेकीनं मोठ्यानं वाचून दाखवलं, सासूबाई पण ऐकत होत्या. शिमुराबाईंचं ऐकून त्या म्हणाल्या, "तिशीनंतर? मग हिला कशाची घाई?" म्हणजे त्यांचं मत मला अजून कळलं नाही.

लेकीनं जुन्या खाटेच्या चौकटीवर सुती ताणी बांधली आणि धागे न अडकवता विणून बघितलं, हिरवा आणि राणी कलर. सरळ रेघेतच विणलं, पायऱ्या केल्या नाहीत, त्यामुळं बोटभर लांबीची चीर पडली. खिडकीशी धरलं तर त्या चिरेतून ऊन तिच्या हातावर पडलं. तिनं लगेच दुसरं लावलं, पायरी करत. ते बरं झालंय. नखाला खाचा नाही पाडल्या, मीच नको म्हणाले, कणीक मळायला लागते.

रविवारी काकांसोबत दोघी गेलो. सांधणीवाले आजोबा बाजेवर बसून होते. आधी नाही म्हणाले. मग काकांनी लेकीच्या हातात दोन तारा दिल्या. आजोबांनी बघितलं आणि म्हणाले, "अंगठा चुकीचा ठेवती ही." आणि उठून तिच्या शेजारी येऊन बसले. त्यांचा हात कापत होता, पण तार धरली की कापत नव्हता. दुपारपर्यंत लेकीनं चाळीस तारा सांधल्या. आजोबांनी एकेक ओढून बघितली. सहा सुटल्या. सहाही परत करायला लावल्या. मी फोनवर त्यांच्या बोटांचा व्हिडिओ घेतलाय, जवळून, अंबाजोगाईच्या ताईंना पाठवते.

नर्सिंगची फी भरायची मुदत तीस तारखेपर्यंत आहे, फॉर्म कपाटात आहे. आजोबांनी पुढच्या रविवारी परत बोलावलंय. येताना राख आणायला सांगितलीय, गोवरीची, दोनदा वस्त्रगाळ करून.